सत्तावीस क्रमांकाची जागा

जुन्या प्रकरणांचा बस्ता सुटला तेव्हा सव्वीस क्रमांकाच्या फायलीनंतर थेट अठ्ठावीस क्रमांकाची फाईल हाताला लागली.

रेकॉर्डकीपरने पुन्हा मोजणी केली. बस्त्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या यादीत चौतीस प्रकरणं होती. टेबलावर तेहतीस होती. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी तारीख आणि सही असलेला पिवळा पुठ्ठा ठेवायचा, असा न्यायालयाच्या अभिलेख कक्षाचा नियम होता. सत्तावीसच्या जागी पिवळा पुठ्ठाही नव्हता.

मुळात हा बस्ता सोडायलाच वेळ लागला होता. रेकॉर्डकीपरचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. त्यामुळे बस्ते बांधताना तो एका ओढीत सुटणारी सुरगाठ मारी. ह्या बस्त्याला मात्र करकचून निरगाठ होती आणि फितीची टोकं खाली खोचलेली होती. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरून पट्टीकाकांना बोलवावं लागलं. त्यांनी खिशातली सहा इंची पोलादी पट्टी गाठीत सरकवून ती सैल केली, आणि सवयीने फितीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं एकाच जागी गाठ बसल्याने फितीवर एक वळ पडला होता. नवी गाठ त्या वळाच्या बोटभर आत बसली होती.

पट्टीकाका पाणीपुरवठा खात्यातून मुख्य ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते. जुन्या दाव्यांना जोडलेल्या नकाशांची यादी करण्याचं काम त्यांनी विनामोबदला अंगावर घेतलं होतं. पत्नी गेल्याला तीन वर्षं झाली होती. सकाळी दहा वाजता कुणीतरी आपल्याला “या काका” म्हणावं, एवढ्यासाठी ते रोज दोन बस बदलून इथे येत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“नाहीये?” टेबलापलीकडच्या बाईने विचारलं.

“आत्ता नाहीये,” रेकॉर्डकीपर म्हणाला.

“मग कधी असेल?”

रेकॉर्डकीपर नेहमी म्हणे, इथे माणूस हरवला तर संध्याकाळपर्यंत सापडतो, कागद हरवला तर तो नातवंडांना सापडतो. त्या दिवशी तो हे वाक्य बोलला नाही.

बाई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करी. तिचा नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्त करत असे. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यांतली चार दोघांनी दोन देशांत काढली होती. बायकोला आपल्याकडे बोलावण्यासाठी त्याने रीतसर अर्ज केला होता. पण तिचं हे दुसरं लग्न. पहिलं लग्न कायदेशीरपणे संपल्याचा पुरावा तिने जोडला होता, तो एका पानाचा हुकूमनामा. दूतावासाने उलट पत्र पाठवलं: एवढ्याने भागत नाही, संपूर्ण निकालपत्राची प्रमाणित प्रत हवी. मुदत साठ दिवस. त्यानंतर अर्ज रद्द.

पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने नकलेसाठी अर्ज दिला. नक्कल शाखेच्या रांगेतून तो अभिलेख कक्षात पोहोचला विसाव्या दिवशी. आणि आता फाईलच नव्हती.

रेकॉर्डकीपरने शेजारचे बस्ते चाळले. चुकून सरकलेली फाईल बहुधा शेजारीच सापडते. सापडली नाही. मग बाईने दुसरा अर्ज आणला, सुवाच्य अक्षरात, कलमवार लिहिलेला: मूळ फाईल उपलब्ध नसल्यास निकालाच्या नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळावा. उतारा मिळाला, दूतावासाकडे गेला आणि परत आला. सोबत दोन ओळी होत्या. उतारा म्हणजे निकालपत्र नव्हे.

तोवर एक्कावन्न दिवस संपले होते.

त्या सकाळी ती कक्षातल्या बाकावर येऊन बसली. रडली नाही. मांडीवर कागदांचं पुडकं होतं. सुतळीने उभं-आडवं बांधलेलं, निरगाठ मारलेलं, टोकं खाली खोचलेली. ती ते सोडत नव्हती, नुसती धरून बसली होती. पट्टीकाकांनी पुडक्याकडे पाहिलं, नकाशा गुंडाळला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

“काही विचारलं तर चालेल?”

“विचारा. नऊ वर्षांत कुणी विचारलंच नाही.”

“पहिलं लग्न किती दिवस टिकलं?”

“अकरा महिने. भांडण झालं, मी बॅग भरून माहेरी आले. वाटलं होतं, चार दिवसांनी न्यायला येईल. आला नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. मग एकदम कोर्टाची नोटीस.”

“तुम्ही कोर्टात गेलात?”

“नाही. बाबा म्हणाले, तू नको येऊस, मी बघतो. पुढे त्यांनीच ते एक पान आणून दिलं. म्हणाले, सुटलीस.”

“निकालपत्र वाचलंत?”

“मला कुठे माहीत होतं, ते वेगळं असतं म्हणून?”

“दूतावासाचं पहिलं पत्र आल्याचं कुणाकुणाला सांगितलंत?”

“नवऱ्याला आणि बाबांना.” ती किंचित हसली. “तिसरं माणूस आहेच कुठे सांगायला?”

दर रविवारी दुपारी ती ताटासमोर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवते, असं तिने आपणहून सांगितलं. तिकडे त्याची सकाळ असते. दोघं एकत्र जेवतात. बोलणं फार होत नाही. एकमेकांचं चावणं ऐकू येतं, तेवढं पुरतं. गेल्या रविवारी त्याने विचारलं होतं, ह्या वेळीही नाही झालं तर काय करायचं.

रेकॉर्डकीपरचा संशय पहिल्या नवऱ्यावर होता. तो ह्याच शहरात होता, गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान चालवत होता आणि त्याचं दुसरं लग्न झालं होतं. सासरच्यांना पहिलं लग्न सांगितलं नसेल, म्हणून कागद गायब केला असेल, असा त्याचा तर्क. सरळ तर्क होता. पट्टीकाका दुपारी बॅटरीच्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी ते गिऱ्हाईक समजून बॅटरीचा आकार विचारला. खरं कारण कळल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. बायकोला सगळं माहीत आहे, तो म्हणाला. हवं तर आत बोलावतो. निकालाची त्याची प्रत घर बदलताना कुठेतरी गेली. अभिलेख कक्ष कुठे आहे, हेही त्याला माहीत नव्हतं.

“तिला पाहिजे असेल तर मी लिहून देतो, की झालाय घटस्फोट,” तो म्हणाला. “मला तिच्याबद्दल राग नाही. एकेकाळी होता. चार पत्रं पाठवली मी, रजिस्टर्ड. उघडून तरी बघायचं होतं.”

“चार?”

“चार. सगळी परत आली.”

पट्टीकाकांनी त्याचे आभार मानले आणि ते बसने परतले. खिडकीशी बसून त्यांनी दोन वाक्यं मनात शेजारी ठेवली. ‘फोन नाही, चिठ्ठी नाही.’ ‘चार पत्रं पाठवली.’ दोन्ही माणसं खरं बोलत होती, ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

कक्षात आल्यावर त्यांनी वाचकांचं रजिस्टर मागून घेतलं. कोणी, कोणत्या दिवशी, कोणतं प्रकरण पाहायला मागितलं, त्याच्या नोंदी त्यात होत्या. गेल्या दोन वर्षांत तो बस्ता एकदाच शेल्फवरून उतरला होता: दूतावासाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. नावाच्या रकान्यात ‘निवृत्त कर्मचारी संघाकरिता’ असं लिहिलं होतं. सही दोन अक्षरांची, न लागणारी. मागितलेलं प्रकरण सत्तावीस नव्हतं. ते होतं अकरा, कुठल्याशा बडतर्फीचं.

पण निकाली प्रकरणं इथे निकालाच्या महिन्याप्रमाणे बांधली जातात. अकरा आणि सत्तावीस एकाच महिन्यात निकाली निघाली होती. अकरा मागितली की सत्तावीसही टेबलावर येणारच.

त्याच माणसाने त्याच वेळी आणखी एक प्रकरण मागितलं होतं. ते वीस वर्षांपूर्वीचं होतं, दुसऱ्या बस्त्यातलं.

“नियम असा आहे ना, की वाचकाला फक्त फाईल द्यायची, बस्ता नाही?” पट्टीकाकांनी विचारलं.

रेकॉर्डकीपर खांदा चोळू लागला. “आहे.”

“आणि तुम्ही?”

“काका, दोन-दोन बस्ते एका हाताने सोडून बघा एकदा. गृहस्थ वयस्क होते, अदबीने बोलत होते. तेच म्हणाले, ‘तुमचा खांदा दुखतोय, राहू द्या, मी सोडतो आणि बांधूनही ठेवतो.’ मला वाटलं, देव भेटला.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “हे वर कळलं तर माझं काही खरं नाही.”

“तो दुसरा बस्ता दाखवा. सोडू नका.”

बस्ता सर्वांत वरच्या फळीवर होता. निरगाठ, टोकं खोचलेली. फितीवर जुन्या गाठीचा वळ होता आणि नवी गाठ त्या वळाच्या बोटभर बाहेर बसली होती. पट्टीकाकांनी पट्टी लावून दोनदा मोजलं. मग तो बस्ता तसाच आपल्या टेबलावर ठेवून घेतला आणि बाईला निरोप धाडला: उद्या अकराला या. वडिलांनाही आणा, एक निवेदन लिहायचं आहे.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. ते पोस्टाच्या पार्सल विभागात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. ओळखीचे सगळे त्यांना मास्तर म्हणत. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. त्यांनी दारातच चपला जुळवून ठेवल्या. रेकॉर्डकीपर त्यांच्याकडे पाहतच राहिला, पण पट्टीकाकांनी बोटाने खूण केल्यामुळे गप्प बसला.

“बसा मास्तर. आधी जरा मदत करा,” पट्टीकाका म्हणाले. “ही गाठ आमच्याच्याने सुटत नाही.”

मास्तरांनी टेबलावरच्या बस्त्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग पुन्हा बस्त्याकडे. त्यांनी खोचलेली टोकं बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे ढकलली, आणि गाठ लोण्यासारखी सैल झाली. ते पुढे मोजायला थांबले नाहीत. मधूनच एक फाईल ओढून त्यांनी टेबलावर ठेवली.

पुठ्ठ्यावर सत्तावीस हा आकडा होता.

बाईने हात पुढे केला आणि परत घेतला.

“हे कसं?” तिने पट्टीकाकांना विचारलं. वडिलांना नाही.

पट्टीकाकांनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी आराखडे समजावून सांगितले होते. हे त्यांना तितकंसं जमणार नव्हतं.

“फाईल चोरायची असती तर एक बस्ता पुरला असता,” ते म्हणाले. “पिशवीत घातली की झालं. फाडायची असती तरीही एकच. ज्या माणसाला ती नाहीशीही करायची नाही आणि सापडूही द्यायची नाही, त्याला टेबलावर दोन बस्ते लागतात. एकातून काढायला, दुसऱ्यात ठेवायला. रजिस्टरमध्ये दोन बस्ते एकदम मागणारा एकच माणूस आहे. पहिल्या बस्त्याची गाठ वळाच्या आत सरकली, कारण तो बारीक झाला. दुसऱ्याची बाहेर सरकली, कारण तो फुगला. दोन्हीकडे फरक सारखाच, बोटभर. दोन्ही गाठी पार्सलच्या. तशीच गाठ काल तुमच्या पुडक्यावर पाहिली. पत्र आल्याचं तुम्ही दोघांनाच सांगितलं होतं, आणि त्यांतला एक समुद्रापलीकडे आहे.”

“सही माझीच आहे,” मास्तर म्हणाले. “संघाचा चिटणीस आहे मी. खोटं नाव नाही लिहिलं.”

“तुम्ही लिहिलंही नसतं. आणि फाडलीही नसती.”

“सरकारी कागद आहे तो.”

“पण बाबा, का?” बाई म्हणाली. “मी जाऊ नये म्हणून?”

“नाही.” हा एकच शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला. “तू जावंस म्हणून तर उताऱ्याचा अर्ज लिहून दिला. आमच्याकडे मूळ पावती हरवली की नोंदवहीचा उतारा चालतो. छत्तीस वर्षं चालला. मला वाटलं, तिकडेही चालेल. तू जाशील, आणि हे कुणी वाचणार नाही.”

“आणि उतारा परत आला तेव्हा?”

मास्तर खिशातली पेनं सरळ करू लागले. फाईल परत आणायची तर सांगावं लागणार होतं, आणि सांगणं टळावं म्हणूनच ती लपवली होती. त्या दोन्हींच्या मध्ये ते मुलीसमोर जेवत, झोपत, उठत राहिले होते, आणि ती एकेक दिवस मोजत होती.

बाईने फाईल उघडली. निकालपत्र सात पानांचं होतं. भिंगं तपासताना ती ज्या नजरेने पाही, त्याच नजरेने तिने ते वाचलं, कुठेही घाई न करता. पाचव्या पानावर ती थांबली आणि तेवढं मोठ्याने वाचलं. पतीने पत्नीस परत येण्याविषयी चार नोंदणीकृत पत्रे पाठविली. चारही पत्रे ‘स्वीकारण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत आली. नोटीस पत्नीच्या वडिलांनी स्वीकारली. पत्नी हजर राहिली नाही. यावरून तिला नांदण्याची इच्छा नाही, असे दिसते.

“म्हणजे त्याने मला टाकलं नव्हतं,” ती म्हणाली. “कागदावर मीच त्याला टाकलंय.”

निकालपत्राच्या मागे चार लिफाफे टाचलेले होते. पतीने पुराव्यादाखल हजर केलेले. चारही चिकटवलेलेच.

“काय होतं ह्यांत?”

“मला माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “मी उघडली नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडणं हा गुन्हा आहे.”

रेकॉर्डकीपर हसला असता, पण त्याला हसू आलं नाही.

तिने एकेक लिफाफा बोटांनी चाचपला. तिसरा इतरांपेक्षा जाड होता. पुराव्यातले कागद न्यायालयाच्या हुकुमाशिवाय उघडता येत नाहीत, अर्ज करावा लागेल, असं रेकॉर्डकीपरने हलक्या आवाजात सांगितलं. तिने मान हलवली. अर्ज नको. रविवारी ज्याच्यासोबत ती जेवत होती, त्याच्याकडेच तिला जायचं होतं. ह्यांत काहीही लिहिलेलं असलं तरी ते बदलणार नव्हतं. लिफाफे तिने पुन्हा सरळ केले. तिची बोटं मात्र बराच वेळ त्यांच्यावरच होती.

मग रेकॉर्डकीपर कामाकडे वळला. नक्कल तो स्वतः शाखेत नेईल, चार दिवसांत मिळेल. पण एक अडचण उरतेच. निकाल एकतर्फी आहे आणि नोटिशीवर सही दुसऱ्याची आहे. असा निकाल पाहिला की दूतावास विचारणारच: बाईला हे माहीत होतं का, आणि माहीत असूनही ती गैरहजर का राहिली? पुन्हा पत्र, पुन्हा साठ दिवस, आणि ह्या वेळी कदाचित तेवढेही नाहीत. त्यापेक्षा ज्याने सही केली त्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच जोडलेलं बरं.

“म्हणजे मी लिहून द्यायचं,” मास्तर म्हणाले.

“तुम्हालाच द्यावं लागेल.”

पट्टीकाकांनी आपल्या टेबलावरचे नकाशे बाजूला केले आणि कोरा कागद ठेवला. मास्तरांनी खिशातलं काळ्या शाईचं पेन निवडलं. ते कलमवार लिहीत गेले. पत्रं कोणत्या तारखांना आली. ती आपण कशी नाकारली. नोटीस आपण घेतली. मुलीला पत्रांविषयी काही सांगितलं नाही, आणि कोर्टात जाण्याची गरज नाही असंही आपणच सांगितलं. निकाल कळल्यावर तिने तो मान्य केला आणि अपील केलं नाही. अक्षर उताऱ्याच्या अर्जासारखंच सुवाच्य होतं. सहाव्या कलमावर पेन थांबलं.

“कारण लिहायचं का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“लिहा,” मुलगी म्हणाली. “मलाही कळू दे.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. ती परत आली तेव्हा तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून झोपून होती, असं त्यांनी आधी तोंडाने सांगितलं. बारीक झाली होती. पुन्हा त्या घरी पाठवायचं धैर्य झालं नाही. बापाने काय करायला हवं होतं? पट्टीकाकांना ते कारण पटण्यासारखं वाटलं. पण मास्तरांना स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण त्यांनी त्यातलं काहीच लिहिलं नाही. लिहिलं ते एकच वाक्य, आणि कागद फिरवून मुलीसमोर ठेवला.

रेकॉर्डकीपरने तिच्या खांद्यावरून वाचलं. ‘हिची आई वारल्यापासून घरात मी एकटा होतो, आणि ही आल्यावर नव्हतो.’

“मास्तर, हे दूतावासाला कशाला?” तो म्हणाला. “ही ओळ काढा. मुद्द्याची नाही.”

मास्तरांनी पेनाचं टोपण उघडलं.

मुलीने कागद उचलून घेतला. तिने तो पुन्हा वाचला. तिचा चेहरा निवळला नाही, आणि तिने वडिलांकडे पाहिलंही नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आठ दिवस उरलेत, आणि ह्या सगळ्यात हीच एक ओळ मला कळली.”

नकलेचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र घेऊन ती रेकॉर्डकीपरबरोबर खाली गेली. शपथेचा शिक्का साडेबारापर्यंतच मिळत असे, आणि मास्तरांना सहीसाठी तिथे बोलावणार होते. तोवर ते बाकावर बसून राहिले. पट्टीकाका त्यांच्या शेजारी बसले. खिडकीतून दिसणाऱ्या रांगेत ती सातवी होती. मग सहावी झाली. दोघंही मोजत होते.